काळ्या खुणेची बाजू

५ जून

दादा,

काल बाबा भेटले. घाबरू नकोस, मेणात होते.

चौदा वर्षांनी पहिलं पत्र आणि त्याची सुरुवात ही अशी. म्हणशील, हिचं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. तुझा पत्ता आईच्या वहीतून घेतला, तिला न विचारता. फोन मुद्दाम केला नाही. तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर तिसऱ्या वाक्याला आपण भांडलो असतो. दर रविवारी तुझा फोन आला की मी भाजी आणायला जाते हे तुला कळलं असेलच. इतकी भाजी दोन माणसांना लागत नाही.

मी अजून त्याच इस्पितळात आहे, त्याच प्रयोगशाळेत. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे आमच्याकडे येतात. आम्ही ते मेणाच्या ठोकळ्यात बसवतो, कांद्याच्या सालीहून पातळ कापतो, काचेवर घेतो, रंगवतो, मग डॉक्टर बघतात. बसवलेले ठोकळे फेकत नाहीत. तळघरात कपाटं आहेत, त्यांत वीस-वीस वर्षांपूर्वीची माणसं मेणात शांत पडून असतात. खाली गेलं की मला गुंगी आल्यासारखं होतं. थंडगार, मेणाचा वास, आणि कोणी कोणाला काही विचारत नाही.

आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी एक अभ्यास काढलाय. तोंडाचा कॅन्सर काहींचा जागच्या जागी राहतो, काढला की संपतो. काहींचा मात्र तोपर्यंत गळ्यातल्या गाठींत उतरलेला असतो, वरून काही दिसत नसलं तरी. हे आधीच ओळखता येईल का? त्या मांसातच अशी एखादी खूण असते का, की बाबा रे, हा आता निघालाय? अशा खुणेला आम्ही मार्कर म्हणतो. म्हणून मॅडमनी जुने एकशे वीस ठोकळे मागवले, ज्यांचं पुढे काय झालं ते माहीत आहे असे. नावं झाकून नवे नंबर दिले. कापायचं, रंगवायचं काम माझ्याकडे.

पण ठोकळ्याच्या पाठीला जी जाळीची डबी असते, तिच्यावर जुना नंबर पेन्सिलने लिहिलेला राहतो. शाई आमच्या रसायनांत विरघळते, पेन्सिल टिकते. एक्केचाळिसावा ठोकळा उचलला आणि त्यावर माझंच अक्षर. बाबांचा नंबर मी चौदा वर्षं पाठ म्हणत आलेय.

आमच्याकडे रीत आहे, घरच्या माणसाचा नमुना घरच्याने हातात घ्यायचा नाही. मी कोणाला काही बोलले नाही. ठोकळा तळहातावर धरून बसले. हाताची ऊब लागली तसं मेण जरा मऊ झालं.

कशासाठी लिहितेय म्हणशील. समेटासाठी नाही. डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, गळ्यातल्या गाठी काढायच्या का, आणि तू 'नको' म्हणालास. आठ महिन्यांनी त्याच गळ्याने बाबांना नेलं. ते त्या तुकड्यात आधीच लिहिलेलं होतं का, हे आता कळणार आहे. मला वाटलं तुलाही कळायला हवं.

आईचा गुडघा दुखतो. बाकी ठीक.

तुझी धाकटी


२१ जून

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की मी उगाच कुंड्यांना पाणी घालते. कुंड्या सडायला आल्यात.

एक्केचाळीस नंबर रंगवला.

हे काम तू कधी पाहिलं नाहीस. यंत्राचं चाक फिरवलं की पात्याखालून मेणाची पट्टी निघते, एकाला एक जोडलेली. ती चिमट्याने उचलून कोमट पाण्यावर सोडायची. सुरकुत्या आपोआप जातात. तुकडा पाण्यावर असा पसरतो की आहे म्हणावा तर दिसत नाही. त्याच्याखाली काच नेऊन अलगद उचलायचा. बाबांची पट्टी पाण्यावर तरंगत होती तेव्हा मला किती तरी वेळ काच घालवेना. वाटलं, राहू दे, जरा पोहू दे.

मग सूक्ष्मदर्शकाखाली. वर जिभेची त्वचा, गुलाबी, लाटालाटांची. खाली स्नायूंचे पट्टे, कोणी शेत नांगरून ठेवावं तसे. मी त्या शेतात बराच वेळ फिरले. याच स्नायूंनी बाबा दिवसभर बडबडायचे. आठवतं ना, दुकानात लोक केस कापायला कमी आणि ऐकायला जास्त यायचे. टक्कल पडलेला पोस्टमास्तरसुद्धा महिन्याला हजर. बाबा त्याच्या डोक्यावर नुसती कात्री वाजवायचे आणि गप्पा मारायचे.

आणि मग कडेला तो. आपला मार्कर जिथे असतो तिथे तपकिरी रंग येतो. गाठीच्या अगदी पुढच्या कडेला, जिथून ती स्नायूंत शिरते, तिथे तपकिरी. चार-चार, पाच-पाच पेशींचे घोळके, गर्दी सोडून पुढे निघालेले.

मॅडम बघताच खुर्चीतून उठल्या. त्यांना ठाऊक नाही तो कोणाचा आहे. म्हणाल्या, "या केसची खोली फक्त तीन मिलिमीटर लिहिलीय. एवढी उथळ गाठ, कोणालाही वाटलं असतं की धोका नाही. आणि तरी पसरली. आपल्या मार्करने ते ओळखलं. अगं, हाच तर आपला पुरावा." आता परिषदेत त्यांचं पहिलं चित्र एक्केचाळीस नंबरचं असणार. बाबांना मोठ्या पडद्यावर जायला आवडलं असतं म्हणा.

तर दादा, ते लिहिलेलं होतं. निघालेलाच होता तो. गाठी काढल्या असत्या तर तिथेच अडवला असता. डॉक्टर म्हणाले होते, "खोली कमी आहे, काढल्या तरी चालेल, नाही काढल्या तरी चालेल, तुम्ही ठरवा." आणि तू ठरवलंस. मी तेव्हा जे बोलले, की तू मारलंस त्यांना, ते मी रागात बोलले असं आई लोकांना सांगते. मी रागात होते हे खरं. पण चुकले नव्हते.

हे लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही विशेष वाटत नाही. पण लिहिलंय ते पाठवते.

तुझी धाकटी


९ जुलै

दादा,

आज फार लिहीत नाही.

मॅडमना परिषदेसाठी एक्केचाळीस नंबरचे आणखी काप हवे होते. म्हणाल्या, मधले थर सोडत सोडत खोल जा, ठोकळा संपत आला तरी हरकत नाही. मी कापतेय. पात्याची धार गेलीय बहुतेक, काप नीट येत नाहीत. म्हणजे येतात. काही तरी वेगळंच येतं.

तुला त्या आठवड्यातलं काय आठवतं? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले होते ना? आई म्हणते, नव्हते गेले. मला वाटतं गेले होते. तू मला सोडायला आला होतास आणि वाटेत आपण एक शब्द बोललो नव्हतो. की हे दुसऱ्याच दिवशीचं आहे?

परवा दुपारी जेवून जरा पडले तर स्वप्न पडलं. मी बाबांच्या दुकानात, उंच खुर्चीवर, गळ्याभोवती पांढरं कापड. बाबा माझे केस कापत होते. तोंडाने काही बोलत नव्हते, शेवटी शेवटी बोलत नव्हते तसे. आरशात बघू म्हटलं तर त्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, बाबा, उलटी फिरवलीत. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि कापत राहिले. केस खाली पडत होते ते मेणाच्या पट्ट्यांसारखे पडत होते, एकाला एक जोडलेले, आणि खाली पाणी होतं.

जागी झाले तेव्हा आई पायाशी बसली होती. म्हणाली, "रडतेस कशाला, उठ, चहा घे." मी रडत नव्हते. गाल ओले होते एवढंच.

मागच्या पत्रातलं सगळं खरं मानू नकोस लगेच.

धाकटी


३० जुलै

दादा,

तुझं पत्र आलं. पाकीट तीन दिवस डब्यांच्या मागे ठेवलं होतं. वाटलं, शिव्या असतील. शिव्या असत्या तर बरं झालं असतं.

तू लिहिलंस, "तू म्हणालीस ते मी मान्य केलं होतं. तेव्हाच." एवढंच. मग पुढे नुसतं वर्णन. बंदरातली क्रेन, तिच्या काचेच्या खोलीत उंचावर तू एकटा, खाली धुक्यात जहाजं, धुकं असलं की काम थांबतं आणि तू तासन्‌तास वर बसून असतोस. लिहिलंस की तिथे तुला बाबांची कात्री ऐकू येते.

आणि ते सह्यांचं. त्या दिवसानंतर तू कोणासाठी कुठल्याच कागदावर सही केली नाहीस. वहिनी बाळंतपणात टेबलावर होती आणि तिच्या ऑपरेशनच्या कागदावर तिनेच सही केली, तू हात खिशात घालून उभा. लेकीच्या सहलीच्या कागदावरसुद्धा वहिनीच सही करते. नऊ वर्षांची झाली म्हणे. मी तिचा फोटोही पाहिलेला नाही. आई दाखवायला लागली की मी उठून जाते.

मला वाटायचं तू मजेत आहेस. खरंच तसं वाटायचं. समुद्र, पगार, संसार, आणि इथलं सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळा. तुझ्यावर खापर फोडलं आणि इतकी वर्षं मी त्याच्यावर उभी राहिले. त्याने मला ताठ ठेवलं. हे मी आजच लिहू शकतेय.

तू 'नको' का म्हणालास तेही लिहिलंस, पहिल्यांदाच. मी कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गळ्यातल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावू शकते, हात वर धरून ठेवणं जमेलच असं नाही. तू म्हणालास, "जीभ गेली. आता न्हाव्याचे हातही काढून घ्यायचे?" आणि आठ महिने बाबांनी केस कापले. न बोलता कापले, पण कापले. शेवटचं गिऱ्हाईक त्यांनी जायच्या अकरा दिवस आधी केलं, तो पोस्टमास्तर. हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा दुकानाकडे फिरकत नव्हते, तू तिथे असायचास म्हणून.

दादा, मला तुला एक सांगायचं आहे. आज हात चालत नाही. दोन दिवस दे.

धाकटी


२ ऑगस्ट

दादा,

बसून वाच. क्रेनमध्ये वाचू नकोस.

तुकडा बसवायचा कसा ते आधी सांगते, नाहीतर कळणार नाही. डॉक्टर गाठीचे आडवे काप करतात, पावाचे करतात तसे. प्रत्येक कापाला दोन बाजू. ज्या बाजूला गाठ सगळ्यात खोल गेलेली दिसते ती बाजू आधी पात्याखाली यायला हवी. म्हणून दुसऱ्या बाजूला ते काळा रंग लावतात. हा रंग रसायनांत जात नाही. आम्ही साच्यात काळी बाजू वर ठेवायची, वर डबीची पाठ दाबायची, मेण ओतायचं. काळी बाजू पाठीला, चांगली बाजू पात्याला. पहिल्या आठवड्यात शिकवतात. आंधळ्यालाही जमेल.

एक्केचाळीस नंबर मी खोल कापत गेले तशी गाठ खोल होत गेली. तीन. चार. मग पाच. शेवटी सात मिलिमीटर. असं व्हायला नको. खोल गेलं की ती उथळ व्हायला हवी. मी ठोकळा उलटा करून पाठीकडून उजेडात धरला. पाठीला काळा रंग असायला हवा होता. मेण स्वच्छ होतं.

तो तुकडा उलटा बसवलेला होता. काळी बाजू आधी पात्याखाली गेली, वरचा थर खरवडताना रंग निघून गेला, आणि डॉक्टरांना काचेवर दिसली ती उथळ बाजू. तीन मिलिमीटर. आमच्याकडे तेव्हा नियम होता, चारच्या वर खोली असली की विचारायचं नाही, गळ्यातल्या गाठी काढायच्याच. म्हणजे दादा, तुला तो प्रश्न कोणी विचारायलाच नको होता. तुझ्यापुढे तो कागद यायलाच नको होता.

आणि डबीवरचं अक्षर माझं आहे.

मी त्या दिवशी कामावर गेले होते. आमच्या जुन्या बाई, आता निवृत्त झाल्या, त्यांनी बाबांचा नंबर ओळखला आणि म्हणाल्या, "तू घरी जा पोरी, हे मी करते." मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, परक्या हातात नका देऊ, माझ्या बाबांना मीच नीट ठेवते. एकवीस वर्षांची होते. त्यांचं मन विरघळलं. त्यांना दोष देऊ नकोस, मी त्यांना दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.

चिमट्यात तो तुकडा होता. एवढासा, नखाएवढा. आणि त्याच्यावर तो काळा डाग. मला ते बघवेना. आपल्या माणसाच्या तोंडाला काळं फासलेलं कोण बघेल? मी तो डाग खाली केला आणि मेण ओतलं. आता असं आठवतंय. खरंच तसं झालं की चौदा वर्षांनी माझं मन मला समजावतंय, सांगता येत नाही. पण खाली केला हे नक्की. मेण खोटं बोलत नाही. मग घरी आले आणि तुझ्यावर ओरडायला वर्षभर सुद्धा थांबले नाही.

मी तुला मारेकरी म्हणाले. आईसमोर, शेजाऱ्यांसमोर, तुझ्या हातात बाबांचे कपडे होते तेव्हा. आणि हे सगळं माझ्या या दोन बोटांनी केलं होतं.

हे मला नऊ जुलैलाच कळलं होतं. त्या पत्रात मी पात्याची धार गेली म्हणाले ना, धार उत्तम होती. तुझं पत्र आलं नसतं तर मी कदाचित मूग गिळून बसले असते. तेही तुला माहीत असू दे.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते.

धाकटी


२६ ऑगस्ट

दादा,

तू लिहीत नाहीस. रविवारचा फोनही आला नाही, लागोपाठ दोन. आई खिडकीत बसते आणि फोनकडे असं बघते जसं दूध उतू जाणार आहे. मी तिला सगळं सांगितलं. ती फोनकडे बघायची थांबली. मग म्हणाली, "म्हणजे दोघींनी मिळून एकट्या त्याला घराबाहेर काढलं. तू आणि मी." मी म्हटलं, तू कुठे काय बोललीस. ती म्हणाली, "तेच." आणि गुडघा चोळत बसली.

मॅडमनाही सांगितलं. चार दिवस लागले हिंमत करायला. त्यांचं परिषदेचं भाषण तयार होतं, पहिल्या चित्रात बाबा. मी दारात उभी राहून एका दमात सांगून टाकलं. नंबर कोणाचा, बसवला कोणी, बाजू कोणती.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तू बोलली नसतीस तर मला कधीच कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग?"

मी म्हटलं, "तक्त्यात तीन लिहिलंय. आहे सात. उद्या हा तक्ता बघून दुसऱ्या कोणाला तरी सांगतील की गाठीच्या खोलीच्या आकड्यावर जाऊ नका."

त्यांनी तक्ता पुढे ओढला. पेन घेऊन त्यांनी स्वतःच तीन खोडलं. भाषणातलं चित्रही काढून टाकलं. मार्कर खोटा ठरत नाही म्हणाल्या, बाकीचे आहेतच, पण आपला हुकमी पत्ता गेला. मग म्हणाल्या, "आता त्या वर्षी तुझ्या हातून बसलेले या अभ्यासातले सगळे ठोकळे काढ. मी समोर बसते."

अकरा निघाले. आम्ही दोघी खिडकीपाशी, एकेक ठोकळा पाठीकडून उजेडात धरून. अकरा घरं, दादा. प्रत्येक वेळी काळा रंग दिसला की श्वास सुटायचा. दहा सरळ होते. दहाच्या दहा. उलटा एकच, बाबांचा.

ज्यांना मी ओळखतही नव्हते त्यांना मी नीट ठेवलं. मॅडमनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग माझं बसवण्याचं काम काढून घेतलं, लेखी, तीन महिन्यांसाठी. योग्यच केलं.

आजकाल मी फक्त रंगवते. काचा गुलाबी होतात, जांभळ्या होतात, पाण्यात बुडवून काढायच्या, पुन्हा बुडवायच्या. दिवस कसा जातो कळत नाही. कधी वाटतं मीही कोणाच्या तरी काचेवर आहे आणि वरून कोणी शांतपणे बघतंय.

मला लिहू नकोस हवं तर. पण आईला फोन कर.

धाकटी


११ ऑक्टोबर, सकाळ

दादा,

तू आतल्या खोलीत झोपला आहेस आणि मी ओट्याशी बसून तुला पत्र लिहितेय. वेडी म्हण. समोरासमोर बोलले की माझी गाडी भांडणावरच जाते, आणि कालच्या दिवसाचं मला भांडण करायचं नाही.

बुधवारी दार वाजलं तेव्हा मला वाटलं गॅसवाला. तू इतका बारीक झाला असशील असं वाटलं नव्हतं. आईने तुला धरलं ते सोडेचना. मी पाणी आणलं, तू घेतलंस, माझ्याकडे पाहिलं नाहीस. तीन दिवस तू माझ्याशी आईमार्फत बोललास. "तिला सांग, मीठ कमी आहे." आणि आई दोन हात अंतरावर बसलेल्या मला सांगायची, "मीठ कमी आहे म्हणतो." तिला त्यात जरा मजाही येत होती, मी पाहिलं.

काल तू आईला म्हणालास, "तिला विचार, ते बघायला मिळेल का."

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत कोणी नसतं. मी काच लावली, स्टूल ओढलं. तू वाकलास. इतका वेळ वाकून राहिलास की मला वाटलं तुला काही दिसतच नाहीये. बाहेर ऊन होतं, खिडकीच्या काचा पिवळ्या झाल्या होत्या, कुठे तरी नळ टपकत होता. मग तू डोळा न काढता विचारलंस, मलाच, आईशिवाय, "यात बाबा कुठले आणि आजार कुठला?"

मी दाखवलं. गुलाबी ते बाबा. जांभळी गर्दी तो आजार. तपकिरी ते निघालेले.

तू म्हणालास, "म्हणजे मी हो म्हटलं असतं तरी निघालेलेच होते. तरी गेलेच असते ना?"

तुझा आवाज कसा होता ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. तू हो ऐकायला इतक्या लांबून आला होतास. माझ्या जिभेच्या टोकावर हो होतं. एका शब्दात तू सुटला असतास, तुझ्याबरोबर मीही. कोणी तपासायला येणार नव्हतं.

पण मी म्हटलं, माहीत नाही. गाठी काढल्या असत्या तर वाचलेही असते, गेलेही असते. हा मार्कर शंभर माणसांचं सांगतो, त्यातल्या किती जणांचा पसरेल. एका माणसाचं सांगत नाही. बाबा एकटेच होते.

तेव्हा तू सरळ उभा राहिलास आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. "हे 'माहीत नाही' तेव्हा कुठे होतं गं? मला मारेकरी म्हणालीस तेव्हा?"

मी उत्तर दिलं नाही. तू वाट पाहिलीस आणि बाहेर निघालास. उत्तर आता देते. ते तेव्हाही होतं, दादा. तिथेच होतं, आपल्या दोघांच्या मध्ये. मला ते नको होतं. बाबा गेले आणि कोणाचीच चूक नाही, हे मला सोसवलं नसतं. तुझी चूक असली की मला निदान उभं राहता येत होतं. तू मोठा होतास, तुला पेलेल असं वाटलं. नाही पेललं. माझ्यामुळे तुझी चौदा वर्षं गेली, आणि ती मी कुठून आणून देणार? माफ करशील असं मी धरून चाललेली नाही.

मी दिवे बंद केले, कुलूप घातलं, जिना उतरले. तू फाटकाबाहेर पडून बराच पुढे गेला होतास. तुझी चाल लहानपणापासून अशीच, आणि मी लहानपणापासून मागे धावणारी. काल धावले नाही. वाटलं, जाऊ दे, त्याला एकट्याला जाऊ दे. तू औषधाचं दुकान ओलांडलंस, शाळेची भिंत ओलांडलीस. मग वळणावर थांबलास. मागे पाहिलं नाहीस. खिशात हात, मान खाली, रस्त्याच्या कडेला नुसता उभा. माणसं तुला चुकवून पुढे जात होती. मी माझ्या चालीने येत होते, आणि मी येऊन पोचेपर्यंत तू तिथून हलला नाहीस.